सिंधूअक्कांसाठी केलेली शेगडी

जवळ ये बघू, शलाका. तिकडे दाराशी फोन धरून बसलीस तर माझं अर्धं बोलणं रस्त्यावरच्या हॉर्नात जाईल. आणि आधी मला सांग, तो मिक्सर तू खरंच कचऱ्याच्या गाडीत दिलास? एक बटण चालेना म्हणून? वर मलाच फोनवर म्हणतेस, मावशी, त्यात असतं काय, एक मोटर आणि दोन वायरी, दहा मिनिटांत नवा येतो. येत असेल बाई. तुम्हा मुलींच्या घरी सगळं दहा मिनिटांत येतं. मावशीकडे यायचं तेवढं महिनोन् महिने जमत नाही.

रागावले नाही मी. रागावले असते तर चकली पुढे केली नसती. पण तू ते ‘त्यात असतं काय’ म्हणालीस ना, तेव्हापासून समोरच्या घरातले दिगंबरअण्णा डोक्यातून जात नाहीत. हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायची सोयच नव्हती. बोललं की संध्याकाळ गेली.

तू त्यांना पाहिलंयस, आठवत नसेल. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथे त्यांचा टेस्टर. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं कायम भाजलेली, कारण बोर्डावर डाग देताना गरम कथील किती गरम आहे हे ते बोटानेच बघायचे. मूळचे निपाणीकडचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. मी लग्न होऊन राजाजीनगरात आले तेव्हा या गल्लीत सगळीकडून कन्नड, आणि एक दिवस समोरच्या गॅलरीतून बाईमाणसाचा आवाज आला, ‘अहो, तो पंखा तरी जोडून ठेवा, उकडतंय.’ मराठी ऐकून मी हातातलं धुणं तसंच टाकून धावले. त्या सिंधूअक्का. आणि तो पंखा पुढे बरेच दिवस सुटाच होता.

अण्णा यशवंतपूरच्या एका कारखान्यात होते. तो कारखाना मशिनं करत नव्हता, मशिनांच्या पोटात बसणारे बोर्ड करायचा. कपडे धुण्याच्या मशिनाचा, ओव्हनचा, गिझरचा. वर नाव दुसऱ्याच कंपनीचं. अण्णांनी आखलेले बोर्ड किती घरांत असतील कुणास ठाऊक, पण त्या घरांतल्या कुणाला अण्णा ठाऊक नव्हते. त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. कुणाच्या घरी गेले की खुर्चीवर बसायच्या आधी ते फ्रिजपाशी जायचे, त्याच्या अंगाला तळहात लावून क्षणभर डोळे मिटायचे, डॉक्टर लेकराच्या कपाळाला हात लावतो तसे. मग इथल्या कन्नड सवयीने म्हणायचे, सरी, म्हणजे ठीक, बरा आहे. मगच यजमानांना कसे आहात म्हणून विचारायचे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं जे काय आहे ते पुड्याच्या कागदांवरून आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयातून. पण अण्णांनी मला कधी ‘तुम्हाला नाही कळायचं’ असं म्हटलं नाही. ते म्हणायचे, ‘वैनी, बटण एकच दिसतं. पण त्याच्यामागे अख्खी कचेरी बसलेली असते.’ आणि मग ती कचेरी ते मांडायचे. एक साहेब, तो त्या काळ्या चिपेत. एक शिपाई, म्हणजे रिले, साहेबाने सांगितलं की टक् करून मोठा वीजप्रवाह चालू-बंद करणारा, कारण साहेबाला स्वतःला एवढी वीज सोसत नाही. एक राखणदार, ज्याचं काम नुसतं किती तापलंय ते बघत राहायचं. आणि दाराशी एक बिचारा असा, की फार आग झाली तर त्याने स्वतः जळून सगळ्यांना वाचवायचं. तो फ्यूज. त्याच्याबद्दल बोलताना अण्णांचा आवाज जरा खाली यायचा.

आमच्या धुण्याच्या मशिनाला कपडे किती टाकलेत हे कसं कळतं, सांग बरं? तू एवढी कॉम्प्युटरात, तुलाही नाही ठाऊक. मला ठाऊक आहे. त्यात काटा नसतो. मशीन आधी डबा थोडा इकडे, थोडा तिकडे ढकलून बघतं. जड गेलं तर कपडे जास्त. ‘आपण बाजारात पोतं उचलायच्या आधी जरा हलवून बघतो, तस्संच,’ अण्णा म्हणायचे. मी तेव्हापासून मशीन लावलं की ते पहिलं कुरकुरणं ऐकत उभी राहते. आमचे हे म्हणायचे, धुवायला टाकलंस का आरती लावलीस.

पण त्यांचा सगळ्यात लाडका होता जुना भाताचा कुकर, तो खाली खटका दाबायचा. त्यात साहेब नाही, चिप नाही, काही नाही. बुडाशी एक लोहचुंबक. पाणी आहे तोवर भांडं उकळीच्या वर तापत नाही. पाणी संपलं की भांडं जास्त तापतं, आणि त्या ठरावीक उष्णतेला चुंबकाची ताकदच जाते. ताकद गेली की स्प्रिंग सुटते, खटका वर. भात झाला. ‘कुणी विचार केला असेल हो हा,’ ते म्हणायचे आणि त्या कुकरकडे असे बघायचे की सिंधूअक्का पदराआड हसायच्या. मला म्हणायच्या, माझ्याकडे असं बघितलं असतं तर मी कधीच वितळले असते.

आता तू म्हणशील, एवढं कळणारा माणूस, तर गल्लीतली सगळी मशिनं दुरुस्त करत असेल. कुठलं गं. ते उघडायचे. मिटवायचे नाहीत. माझा मिक्सर एकदा त्यांच्या टेबलावर गेला तो पोट फाडून तसाच पडला. रोज मी विचारायला जायची आणि रोज मला त्यातलं एक नवं काहीतरी दाखवलं जायचं. बिघाड सापडला की त्यांचा रस संपला. परत स्क्रू लावणं हे त्यांच्या लेखी काम नव्हतंच. शेवटी सिंधूअक्कांनी तो नऊवारी पातळात बांधून भाजीच्या पिशवीत घातला, मेन रोडच्या दुकानात नेला, आणि दुरुस्त करून माझ्या ओट्यावर आणून ठेवला. म्हणाल्या, त्यांना सांगू नकोस, त्यांना वाटू दे तू कंटाळून घेऊन गेलीस. अक्का अशा. पंचवीस माणसांचा स्वयंपाक कसलाही आवाज न करता उरकणाऱ्या. बसल्या की बसल्या, मांडीवर हात ठेवून, देवळातल्या मूर्तीसारख्या. आणि अण्णा सारखे चुळबुळणारे. एका जागी बसून चहा प्यायलेलं मी त्यांना पाहिलेलं नाही, कप हातात घेऊन खोलीभर फिरायचे.

मग अक्का विसरायला लागल्या. आधी नावं. मग आठवड्यातला वार. मग एके दिवशी गॅसवर पातेलं ठेवून त्या गॅलरीत येऊन बसल्या आणि धूर पार आमच्या घरात आला. काही झालं नाही, पातेलं जळलं आणि भिंत काळी झाली. पण मुलगा प्रसाद, तो देवनहळ्ळीकडे राहतो, विमानतळाजवळ, तो धावत आला आणि गॅसचं सिलिंडर बाहेर काढलं. अण्णा, दोघं आमच्याकडे चला, म्हणाला. अण्णा म्हणाले, तिच्या हातचा सकाळचा चहा आहे तोवर ती तिच्या घरात आहे. तो गेला की मग बघू.

एवढंच धरून ठेवलं होतं त्यांनी. स्वयंपाकाला बाई लावली, पण सकाळचं दूध आणि दोन वेळचा चहा अक्काच करणार. अक्कांनाही तेच हवं होतं. वार चुकला तर त्या हसायच्या, पण चहाचं आधण स्वतः ठेवलं की पाठ ताठ व्हायची.

प्रसादने विजेची शेगडी आणली, वर काळी काच, काचेवर दिवे. बोट लावायचं, दाबायचं नाही. अक्कांचा हात कायम ओला, ओल्या बोटाला ती काच दाद देईना. आणि एवढ्या चिन्हांतून कुठलं आपलं, हे त्यांना रोज नव्याने शोधायला लागायचं. अण्णा बघत होते. एका दुपारी मला म्हणाले, ‘वैनी, आयुष्यभर मी मशिनांचे खटके काढून काचा बसवल्या. लोकांना सोपं व्हावं म्हणून.’ आणि हसले. चांगलं हसू नव्हतं ते.

मग त्यांनी ती शेगडी उघडली. आणि ऐक, या वेळी मिटवली. बाहेर एकच खटका, त्या भाताच्या कुकरसारखा. खाली दाबला की शेगडी सुरू. बास. दूध उतू जाऊ नये म्हणून आच मंद. बाहेरून बघशील तर पोराचं खेळणं वाटेल, पण आत त्यांनी मला दाखवलं तेव्हा माझे डोळे फिरले, केवढ्या त्या वायरी. ते म्हणाले, तिला जेवढं सोपं करायचं तेवढं आत वाढत जातं. ही शेगडी मुळातच विचारत असते की माझ्यावर भांडं आहे का, भांडं आहे का. नसलं तर तापत नाही. मी तिला अजून एक प्रश्न शिकवलाय. समोर माणूस आहे का? ओट्यावरच्या फळीच्या खाली एक पांढरा घुमट लावला होता, लिंबाएवढा. अक्का ओट्यासमोरून निघून गेल्या तर त्या घुमटाला कळणार, आणि थोडा वेळ वाट बघून शेगडी आपोआप बंद, खटका वर. म्हणजे विसरल्या तरी काही जळणार नाही. प्रसादनेसुद्धा ते बघून चला चला म्हणणं थांबवलं.

पहिल्या दिवशी मला चहाला बोलावलं. अक्कांनी खटका दाबला, चहा केला, साखर दोनदा घातली. आम्ही तिघांनी तो गोडमिट्ट चहा प्यायला. अण्णा अर्थात उभे.

नंतर थोड्याच दिवसांत गडबड सुरू झाली. सकाळी अण्णा आंघोळीहून यावेत तर दूध कोमट आणि खटका वर. अक्का समोर स्टुलावर बसलेल्या. काय गं, दाबला नाहीस का? अक्का गोंधळायच्या. दाबला होता वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अण्णांनी शेगडी तपासली. ओट्यासमोर उभं राहून, वाकून, हात घालून, मीटर लावून. त्यांच्यासमोर ती एकदाही चुकली नाही. परत तपासली. परत नाही. मग उरलं काय? अक्कांचं विसरणं उरलं. आता दाबायचंही लक्षात राहत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. गोळी वाढली. गोळी वाढली तशा अक्का दिवसभर पेंगायला लागल्या.

त्याच सुमाराला एकदा मी गेले होते. अण्णा बाजारात. अक्का त्या शेगडीसमोर उभ्या होत्या, खटक्याला हात न लावता. मला बघितलं आणि माझं मनगट धरलं. हलक्या आवाजात म्हणाल्या,

‘मी दाबला होता गं. पण दाबला असता तर तो वर कसा असता?’

मी म्हटलं, होतं अक्का, माझंही होतं. त्या मान हलवत राहिल्या. त्यांना आपल्या हाताची आठवण होती, आणि समोर खटका वर दिसत होता. दोन्हींतलं एक खोटं. त्यांनी स्वतःला खोटं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चहाचं पातेलं घासलं, पुसलं, ओट्यावर पालथं घातलं आणि अण्णांना म्हणाल्या, अहो, आता तुम्हीच करत जा. रडल्या नाहीत. जाऊन कॉटवर बसल्या. अण्णांनी प्रसादला फोन केला, की तुझं खरं, येतो आम्ही.

सामानाची बांधाबांध चालू झाली. अण्णा एकदम म्हातारे दिसायला लागले गं. पाय ओढत चालायचे. चुळबुळ गेली. एका सकाळी माझी बेल वाजली. दार उघडलं तर अण्णा, हातात काही नाही, खिशात टेस्टरही नाही, ओठ पांढरे.

‘वैनी, ती बरोबर होती,’ म्हणाले.

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही. दूध तापवायला ठेवून आज ते अक्कांच्या स्टुलावर बसले होते. दमून. नुसते बसून राहिले, पातेल्याकडे बघत. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खटका टक् करून वर आला. ते समोर असताना. पुन्हा दाबला, पुन्हा तसेच बसले, पुन्हा वर. तो पांढरा घुमट माणूस बघतच नव्हता. तो उबदार अंगाची हालचाल बघायचा. हललं ते माणूस, न हललेलं ते काहीच नाही. हे अण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांनीच ते मला पुढे समजावलं. पण त्यांनी जो माणूस मनात धरून ते बनवलं तो त्यांच्यासारखा होता. एका जागी न ठरणारा. तपासायला गेले तेव्हाही तोच माणूस समोर. आणि पातेलं जळल्यापासून अक्का तर आणखीच जपायला लागल्या होत्या. दूध ठेवलं की हात मांडीवर घेऊन, नजर न काढता बसायच्या, पुन्हा तसं काही होऊ नये म्हणून. जितक्या जपून बसल्या तितक्या त्या शेगडीच्या लेखी तिथे नव्हत्याच. कानाने कमी, त्यात गोळीची गुंगी, तो टक् आवाज त्यांना कुठला ऐकू यायला. रोज हाताने दाबलेला खटका रोज त्यांच्यासमोर वर दिसायचा.

‘एवढ्या वर्षांत तिला बसलेलं मी पाहिलंच नाही की काय,’ अण्णा म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी तो घुमट उपटून काढला, वायरी तोडून. अक्कांना हाताला धरून ओट्यापाशी आणलं. मीही गेले होते, मला त्यांनीच बोलावलं, साक्षीला की आधाराला कोण जाणे. शेगडीवर आधण ठेवलं. म्हणाले, सिंधू, दाब. अक्कांनी हात पदरात ओढून घेतला. नको, माझ्याकडून होत नाही ते. अण्णा म्हणाले, तुझ्याकडून होत होतं, या शेगडीकडून होत नव्हतं. आणि मग ते समजावायला लागले, त्यांच्या त्या पद्धतीने. घुमट काय करतो, ऊब कशी बघतो, हालचाल कशी ओळखतो, साहेब कोण, शिपाई कोण. मला थांबवावंसं वाटत होतं. अक्का मात्र शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या, भुवया गोळा करून, सगळं लक्ष लावून. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं,

‘म्हणजे मी हलायला हवं होतं का?’

अण्णा खाली बसले. त्या ओट्यापाशीच, फरशीवर. अक्कांना वाटलं त्यांना चक्कर आली, त्या घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. आधणाचं पाणी तसंच थंड राहिलं, खटका कुणीच दाबला नव्हता.

गोळी परत कमी केली म्हणे, पण अक्का परत ओट्याकडे फिरकल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, हे व्हायचंच होतं, आज नाही तर उद्या, तुमच्या शेगडीने काही बदललं नाही. प्रसादने सांगितलं, मी सांगितलं. अण्णा सगळ्यांना सरी, सरी म्हणाले. उद्याचं उद्या असतं हो वैनी, मी तिचा आज घेतला, असं एकदाच म्हणाले, लॉरीत कपाट चढवताना. मग गेले.

मागच्या महिन्यात मी जाऊन आले देवनहळ्ळीला. दोन बस बदलून. तिकडे अजून शेतं आहेत आणि शेतांच्या मधेच प्लॉट पाडल्याच्या पाट्या, इथे लेआउट, तिथे लेआउट. प्रसादचं घर उंचावर, खिडकीतून विमानं दिसतात, पोटाखालची चाकं आत घेताना दिसतात. दोघं गॅलरीत बसलेली. अक्का गोऱ्यापान आणि नीटनेटक्या, सुनेने वेणी छान घातलेली. मला ओळखलं नाही, पण हसल्या. अण्णा खूप बारीक झालेत. त्या खुर्चीत अगदी गप्प, हात मांडीवर, अक्कांसारखे बसलेले. मला ते बघवेना.

मला म्हणाले, रोज सांगतो मी तिला. दुपारी जेवण झालं की ती जरा शुद्धीवर असते, तेव्हा. मी विचारलं, काय म्हणतात? ते म्हणाले, बघा. आणि खुर्ची अक्कांकडे वळवून, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, सिंधू, तू दाबला होतास. तू बरोबर होतीस. चूक माझी होती.

अक्कांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. ‘कशाबद्दल हो?’

अण्णांनी सगळं सांगितलं. आता कचेरी नाही, साहेब नाही. नुसतं, तू दाबला होतास आणि मी म्हणालो दाबला नाहीस. अक्का ऐकून घेत होत्या. मग कुणी परका आपल्या दारात काही कबूल करायला आला तर आपण जसा त्याचा संकोच मोडतो, तशा अण्णांच्या हातावर थोपटून म्हणाल्या, ‘असू द्या हो. होतं माणसाकडून. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.’

आणि दाराकडे बघत बसल्या. कुणीतरी आतून चहा घेऊन येईल म्हणून. हात मांडीवर, पाठ ताठ, पाहुण्यासमोर बसावं तशा. अण्णा खुर्चीचा हात धरून सावकाश उठले आणि आत गेले, आधण ठेवायला.

बस, आता उठ तू, अंधार पडायच्या आत घर गाठ. पण पुढच्या रविवारी ये गं. फोन करून विचारू नकोस येऊ का म्हणून, नुसती ये. आपण दोघी देवनहळ्ळीला जाऊ. अक्का तुला कोण म्हणून विचारतील, सांग कोणीही, चालतं. चहा घ्या म्हणाल्या तर नको म्हणू नकोस. आणि नाहीच जमलं तिकडे, तर निदान माझ्याकडे ये. लौकर ये.